डॉ. रखमाबाई राऊत: लहान वयातल्या लग्नाला नकार देणारी मुलगी

मुलीचे लग्न लावून दिले की ती सुरक्षित झाली, असे तुम्हाला वाटते का? मग रखमाबाईंचे आयुष्य जाणून घ्या.

त्यांचा जन्म १८६४ सालचा, मुंबईतला. अकराव्या वर्षी त्यांचे लग्न दादाजी भिकाजी यांच्याशी झाले. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांना कोवळ्या वयातल्या शरीरसंबंधाचे धोके माहीत होते. त्यांनी मुलीला सासरी न पाठवता घरीच ठेवले. तिथे त्या शिकत राहिल्या.

१८८४ मध्ये नवऱ्याने त्यांना नांदायला आणण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयात दावा लावला. अजाण वयात संमतीशिवाय झालेले लग्न मान्य नाही, ही रखमाबाईंची भूमिका होती. १८८५ मध्ये त्या जिंकल्या. अपिलानंतर १८८७ मध्ये मात्र आदेश झाला: नांदायला जा, नाहीतर सहा महिने कैद. त्यांनी कैद पत्करायची तयारी दाखवली. १८८८ मध्ये नवऱ्याला दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

या खटल्याने देशभर वाद पेटला. १८९० मध्ये बंगालमधली फुलमणी ही बालिका नवऱ्याने केलेल्या शरीरसंबंधात रक्तस्राव होऊन दगावली. पुढच्याच वर्षी कायद्याने संमतीचे वय १० वरून १२ झाले. रखमाबाई तेव्हा लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण घेत होत्या. परतल्यावर त्यांनी सुरत आणि राजकोटला अनेक वर्षे स्त्रियांवर उपचार केले. १९५५ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज हे वय १८ आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार त्याखालच्या मुलाशी किंवा मुलीशी शरीरसंबंध हा गुन्हा आहे, मग तिची 'हो' असो वा लग्न झालेले असो. तरीही दिग्रसच्या माझ्या दवाखान्यात वय विचारताच नातेवाईक गप्प होतात, अशा गरोदर मुली येतात. या वयात रक्तक्षय, वाढता रक्तदाब आणि अडलेली प्रसूती यांचा धोका जास्त असतो.

मुलाने किंवा मुलीने अत्याचाराबद्दल सांगितले, तर आधी विश्वास ठेवा. लगेच दवाखान्यात न्या; एचआयव्ही टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि गर्भधारणा टाळणारी औषधेही जितक्या लवकर घ्याल तितकी जास्त उपयोगी पडतात. उपचार मोफत आहेत आणि त्यासाठी आधी पोलीस तक्रार लागत नाही. पोलिसांना कळवणे डॉक्टरला बंधनकारकच असते. मदतीसाठी १०९८ वर फोन करा.

रखमाबाईंच्या नकाराला बळ मिळाले, कारण घरातला एक मोठा माणूस त्यांच्या बाजूने उभा होता. तुमच्या घरात तो माणूस तुम्ही व्हा.