आकाशाला घड्याळ लावणारे केरूनाना

कोल्हापूरच्या अंबाबाईच्या मंदिरात ३१ जानेवारी आणि ९ नोव्हेंबरच्या सुमारास मावळतीची किरणे थेट गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. तिथी दरवर्षी मागेपुढे होते; किरणोत्सवाच्या तारखा बदलत नाहीत, कारण त्या दिवसांत सूर्याची क्रांती सारखीच असते. सूर्य वेळ चुकवीत नाही. चुकते ते माणसाचे पंचांग. हे महाराष्ट्राला गणिताने पटवून देण्यात केरो लक्ष्मण छत्रे यांचे आयुष्य वेचले गेले.

केरूनानांचा जन्म १८२५ सालचा, अलिबागजवळच्या नागावचा. मुंबईत शिकत असतानाच प्रा. आर्लिबार यांनी त्यांची हुशारी हेरली आणि १८४० मध्ये कुलाब्याच्या वेधशाळेत त्यांना नोकरी मिळाली. वय अवघे पंधरा. तेथे चुंबकीय व हवामानविषयक नोंदी ठरल्या वेळी घ्याव्या लागत. घड्याळ चुकले तर नोंद फुकट. त्या काळी वेधशाळांतील घड्याळे ताऱ्यांच्या याम्योत्तर लंघनावरून दुरुस्त केली जात. घड्याळाने आकाशाचे ऐकायचे, हा संस्कार त्यांच्यावर त्या कोवळ्या वयात झाला असला पाहिजे.

आजची आपोआप जुळणारी घड्याळे याहून निराळे काय करतात? जर्मनीतील माइनफ्लिंगेनचे केंद्र ७७.५ किलोहर्ट्झवर दर सेकंदाला एक ठोका पाठविते. लहान ठोका म्हणजे शून्य, लांब म्हणजे एक. मिनिटाचा शेवटचा ठोका गाळलेला, म्हणजे नवे मिनिट कोठे सुरू होते ते कळावे. घड्याळातील नखाएवढा मायक्रोकंट्रोलर हे ठोके मोजून स्वतःची चूक सुधारतो.

महाराष्ट्रातील पंचांगे मात्र १५२० च्या ‘ग्रहलाघवा’वर चालली होती. ग्रंथ थोरच, पण साडेतीन शतकांत ग्रहांची स्थाने आकाशाशी जुळेनाशी झाली होती. केरूनानांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली आणि १८६५ पासून पटवर्धनांच्या आश्रयाने नवे पंचांग सुरू झाले. आरंभस्थान म्हणून त्यांनी रेवतीचा एक मंद तारा धरला. त्यामुळे अयनांशांत सुमारे चार अंशांचा फरक पडला, संक्रांत चार दिवस अलीकडे आली आणि अधिक महिनाही कधी कधी बदलू लागला. ग्रहगणित सुधारा, हे लोकांना एक वेळ पटले असते. सणच हलविणे कोणाला रुचणार? पंचांगाला अनुयायी थोडेच मिळाले. हा आग्रह त्यांना महाग पडला, असेच म्हणावे लागते.

डेक्कन कॉलेजात ते गणित व पदार्थविज्ञान शिकवीत. सूर्यावरील डाग आणि पर्जन्यमान यांच्या संबंधाचाही त्यांनी विचार केला होता. १८८४ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे शिष्य बाळ गंगाधर टिळक यांनी रेवतीपक्ष पुढे चालविला. बहुसंख्य मराठी पंचांगांनी पुढे ग्रहगणित आकाशाशी जुळवून घेतले, परंतु आरंभस्थान व्यंकटेश बापूजी केतकरांच्या चित्रापक्षाचे स्वीकारले. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत संक्रांत आजही १० जानेवारीच्या सुमारास येते, आणि एखाद्या वर्षी गणपतीही शेजाऱ्यांच्या महिनाभर आधी बसतात.