आजाऱ्याच्या हाती दिलेली दोन पुस्तके



३१ जुलै रोजी आपण संत इग्नेशियस लोयोला यांचा सण साजरा करतो. येशूसंघाचे संस्थापक म्हणून ते आपल्याला परिचित आहेत. त्यांच्या जीवनाला वळण कसे लागले, ते मात्र पुन्हा पुन्हा आठवण्यासारखे आहे.

स्पेनच्या बास्क प्रदेशात लोयोला येथे १४९१ साली एका सरदार घराण्यात त्यांचा जन्म झाला. तेरा भावंडांतले ते सर्वांत धाकटे. बाप्तिस्म्याचे नाव इनिगो. आईचे छत्र लवकर हरपले आणि एका लोहाराच्या पत्नीने त्यांना सांभाळले. तारुण्यात त्यांना वेड होते ते तलवारीचे, भरजरी पोशाखाचे आणि नावलौकिकाचे.

२० मे १५२१ रोजी पाम्प्लोनाच्या किल्ल्यावर फ्रेंचांशी लढताना तोफेचा गोळा लागून त्यांचा उजवा पाय मोडला. किल्ला पडला. पण जिंकलेल्या फ्रेंचांनी या जखमी शत्रूवर उपचार केले आणि काही दिवसांनी त्यांना डोलीत घालून घरी पोहोचते केले. त्यांनी त्यांना तेथेच मरू दिले असते, तर पुढचे काहीच घडले नसते.

हाड नीट जुळले नव्हते, म्हणून ते पुन्हा मोडून बसवावे लागले. वैद्यांनी आशा सोडली, पण ते वाचले. मग दिसले की, गुडघ्याखाली हाडाचा उंचवटा राहिला आहे. घट्ट बुटांत तो शोभणार नाही, म्हणून त्यांनी आपणहून तो करवतीने कापून घेतला! त्या काळी भूल देण्याची सोय नव्हती.

अंथरुणात वेळ जाईना, तेव्हा त्यांनी शूरवीरांच्या कादंबऱ्या मागितल्या. त्या घरात नव्हत्या. घर त्यांच्या वहिनी माग्दालेना सांभाळीत. घरच्यांनी दोन पुस्तके इनिगोंच्या हाती दिली : एक ख्रिस्तचरित्र आणि दुसरे संतचरित्रांचे. आजाऱ्याचा वेळ जावा, एवढाच साधा हेतू.

वाचता वाचता त्यांना एक गोष्ट उमगली. दरबारातल्या एका स्त्रीसाठी गाजवायच्या पराक्रमाची स्वप्ने रंगवताना मन सुखावे, पण नंतर कोरडे पडे. संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्यासारखे आपणही जगावे, हा विचार मात्र सरल्यावरही आनंद मागे ठेवी. कोणता आनंद टिकतो आणि कोणता विरतो, हे तपासण्यातूनच त्यांची आध्यात्मिक विवेकाची शिकवण उगवली. आम्हाला वाटते, तत्त्वज्ञानाचे मोठमोठे ग्रंथ जे शिकवतात, ते त्यांना त्या खाटेवर स्वतःच्या मनाकडे बघून कळले.

पुढे वयाच्या तिशीनंतर ते बार्सिलोनात लहान मुलांबरोबर बसून लॅटिन शिकले. १५२८ साली ते पॅरिसला गेले. तेथे त्यांनी आपले पैसे एका स्पॅनिश विद्यार्थ्याजवळ ठेवायला दिले. त्याने ते उडवले, आणि इग्नेशियस यांना धर्मशाळेत राहून भीक मागावी लागली. काही काळाने तोच विद्यार्थी रुआं शहरात आजारी पडला. त्याचे पत्र येताच इग्नेशियस अनवाणी, अन्नपाणी न घेता चालत निघाले आणि तिसऱ्या दिवशी तेथे पोहोचले. त्यांनी त्याला धीर दिला आणि मायदेशी जाणाऱ्या जहाजात बसवून दिले. झालेल्या नुकसानीचा हिशोब त्यांनी मागितला नाही.

पॅरिसमध्येच त्यांच्या खोलीत राहणाऱ्या फ्रान्सिस झेवियर यांना त्यांनी धीराने ख्रिस्ताकडे वळवले. १५४० साली येशूसंघाला पोपमहोदयांची मान्यता मिळाली. १५४२ साली संत फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरले. पुढे आपल्या वसईलाही त्यांचे पाय लागले. १५७९ साली याच संघाचे फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात आले. त्यांनी मराठीत ख्रिस्तपुराण रचले आणि ते १६१६ साली छापले गेले. एका ख्रिस्तचरित्राने घडलेल्या माणसाच्या संघातून आपल्या भाषेला ख्रिस्तचरित्र मिळाले.

इग्नेशियस स्वतःची कहाणी सांगायला मात्र राजी नव्हते. सहकाऱ्यांनी फार आग्रह केला, तेव्हा अखेरच्या वर्षांत ती त्यांनी सांगितली. ३१ जुलै १५५६ रोजी रोममध्ये ते देवाघरी गेले.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामात कितीतरी जण आज अंथरुणाला खिळलेले असतील. या आठवड्यात अशा एकाच्या घरी जाऊ या. एखादे संतचरित्र सोबत नेऊ या. त्यांची नजर अधू झाली असेल, तर दोन पाने वाचून दाखवू या. थोडा वेळ त्यांचेही ऐकू या. त्यांच्याकडेही सांगण्यासारखे पुष्कळ असते, आणि ते विचारणारे कुणी नसते. त्यातून काय उगवेल, हे लोयोलाच्या वाड्यातही कुणाला ठाऊक नव्हते.