थोर सुतार हान्स वेग्नर

बालमित्रांनो, थोरांची चरित्रं आपण नेहमी वाचतो. कुणी देशासाठी लढलेले, कुणी संत, कुणी शास्त्रज्ञ. आज मी तुम्हांला एका सुताराचं चरित्र सांगणार आहे. सुतार आणि थोर? असं कुणाच्या मनात आलं असेल, तर त्याने हे शेवटपर्यंत जरूर वाचावं.

युरोपात डेन्मार्क नावाचा लहानसा देश आहे. त्याच्या दक्षिणेला, जर्मनीच्या हद्दीजवळ टोंडर हे गाव आहे. २ एप्रिल १९१४ रोजी हान्सचा जन्म या गावी झाला. तेव्हा हे गाव जर्मनीच्या राज्यात होतं. १९२० साली तिथे सार्वमत झालं आणि तो मुलूख डेन्मार्कमध्ये आला. हान्सचे वडील जोडे शिवीत. हाताने नीट, टिकाऊ काम करणं म्हणजे काय, ते त्याने घरातच पाहिलं. सुताराच्या कारखान्यात पडलेले लाकडाचे तुकडे तो गोळा करायचा आणि त्यांतून चित्रं कोरीत बसायचा.

चौदाव्या वर्षी तो गावातल्या सुताराकडे उमेदवारीला राहिला. करवत, रंधा, पटाशी हीच त्याची पाटी-पेन्सिल! लाकूड कुठे चिरतं, ओलाव्याने कसं फुगतं, वाळल्यावर कसं आकसतं, हे तो हाताने शिकला. विसाव्या वर्षी लष्करी सेवेसाठी तो कोपनहेगन या राजधानीत गेला. पुढे १९३६ ते १९३८ या काळात तिथल्या कलाकौशल्याच्या शाळेत त्याने शिक्षण घेतलं. १९४० पासून आर्ने याकोबसन आणि एरिक म्योलर या वास्तुशिल्पकारांच्या हाताखाली आर्हूस शहराच्या नगरभवनाचं फर्निचर आखण्याचं काम त्याने केलं. १९४३ साली स्वतःचं कार्यालय काढलं.

आता मी त्यांना वेग्नर म्हणतो, कारण इथून पुढे त्यांचं नाव जगभर झालं.

१९४४ साली युद्ध चालू होतं. मित्राच्या लहान मुलाला भेट द्यायची, तर बाजारात मनासारखं काही मिळेना. तेव्हा वेग्नर यांनी एक छोटी खुर्चीच बनवली. चारच तुकडे, एकमेकांत अडकणारे. खिळा नाही, स्क्रू नाही, सरस नाही. मुलाने स्वतः जोडावी आणि स्वतः मोडावी!

१९४९ साली त्यांनी गोल पाठीची एक खुर्ची केली. तिचे हात आणि पाठ मिळून तीन तुकडे जोडलेले होते. सांधा मनासारखा दिसेना, म्हणून आधी त्यावर वेत गुंडाळला. पण पुढच्याच वर्षी त्यांनी वेत काढून टाकला. आपण दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवतो ना, तसे दाते पाडून नवा सांधा केला आणि तो उघडा ठेवला. जिथे खुर्ची मोडण्याची भीती, तीच जागा सर्वांत मजबूत केली, आणि तीच शोभेचीही झाली. मला या माणसाचं मोठेपण इथे दिसतं.

१९६० साली अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार केनेडी आणि निक्सन दूरदर्शनवर वादविवादाला आले, तेव्हा ते याच खुर्च्यांवर बसले होते.

त्यांची दुसरी प्रसिद्ध खुर्ची म्हणजे पाठीला इंग्रजी वाय अक्षराचा आकार असलेली. १९५० पासून ती सतत बनत आली आहे. तिची बैठक कागदी दोरीने, खाट विणावी तशी हाताने विणतात. एका बैठकीला सुमारे १२० मीटर दोरी लागते, बरं का!

वेग्नर यांनी पाचशेहून अधिक खुर्च्यांचे नमुने आखले. आधी लहान प्रतिकृती करायची, ती सगळ्या बाजूंनी पाहायची, नको ते काढून टाकायचं, ही त्यांची रीत. खुर्चीला मागची बाजू नसतेच, ती चोहीकडून सारखीच चांगली दिसली पाहिजे, असं ते मानीत. जी वस्तू मजबूत आहे आणि पाहून कंटाळा येत नाही, ती कुणी फेकून देत नाही. मग तेवढी झाडंही वाचतात.

२६ जानेवारी २००७ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी ते वारले. टोंडरमध्ये पाण्याच्या जुन्या मनोऱ्यात त्यांच्या खुर्च्यांचं संग्रहालय आहे. जिथे त्यांनी रंधा हातात धरला, त्याच गावाने त्यांचं काम जपून ठेवलं आहे.

मुलांनो, आज घरी गेल्यावर एखादी खुर्ची किंवा स्टूल उलटं करा. सांधे बघा. करणाऱ्याने जिथे कुणाची नजर जात नाही तिथेही मन लावून काम केलंय, की नुसता खिळा ठोकून वेळ मारून नेलीय, ते लगेच कळेल. आपल्या वहीची शेवटची पानंही अशीच तपासून पाहा बरं!