ना. म. जोशी : कामगाराचा खरा मालक शोधणारा नेता

मुंबईत सातरस्त्याकडून लोअर परळकडे जाणाऱ्या जुन्या डिलाईल रोडला आज ना. म. जोशी मार्ग म्हणतात. एकेकाळी या परिसरात गिरण्यांचे भोंगे वाजत. आता तेथे काचेच्या इमारती आणि कार्यालये उभी आहेत. त्या कार्यालयांच्या दारावर उभा असलेला रखवालदार, आत लादी पुसणारी बाई, साहेबांची गाडी चालवणारा चालक यांतील बहुतेक जण ज्या कंपनीत राबतात तिच्या हजेरीपटावर त्यांचे नावच नसते. पगार देणारी कंपनी वेगळी, काम घेणारी वेगळी. ज्यांचे नाव या रस्त्याला आहे, त्या नारायण मल्हार जोशी यांच्या हयातीतही कामगारांपुढे हाच प्रश्न निराळ्या रूपात उभा होता.

जोशींचा जन्म ५ जून १८७९ रोजी तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गोरेगाव येथे झाला. पुण्यात पदवीपर्यंतचे शिक्षण घेऊन त्यांनी काही वर्षे शिक्षकाची नोकरी केली. १९०९ मध्ये ते गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले आणि मुंबई हीच त्यांची कर्मभूमी ठरली. १९११ मध्ये त्यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली. रात्रशाळा, वाचनालये आणि दवाखाने यांच्या निमित्ताने ते गिरणगावातील चाळींत हिंडू लागले. तेथे त्यांना कामगाराचे खरे जीवन दिसले.

गिरणी मालकाची असली, तरी कामगाराच्या दृष्टीने खरा धनी होता जॉबर. कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, रजा देणाराही तोच. नोकरी लागावी आणि टिकावी म्हणून त्याच्या हातावर दस्तुरी ठेवावी लागे. स्त्री कामगारांवर नायकिणीची अशीच सत्ता चाले. कोळसा खाणींत तर कोळसा काढण्याचे सारे कामच कंत्राटदारांकडे सोपवलेले असे. गोव्यातून मुंबईस येऊन कूड म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वसतिगृहांत राहणाऱ्या दर्यावर्दी मंडळींनाही बोटीवरचे काम मिळवण्यासाठी दलालांची मनधरणी करावी लागे. धंदा कोणताही असो, रचना एकच होती. नफा मालकाच्या घरी जाई आणि जबाबदारी मध्यस्थाच्या अंगावर ढकलली जाई.

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेला जोशी भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून गेले. पुढील वर्षी लाला लजपतराय यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली. तिच्या संस्थापकांत जोशी होते. १९२१ पासून १९४७ पर्यंत मध्यवर्ती कायदेमंडळात ते कामगारांचे नियुक्त प्रतिनिधी राहिले. पाठीशी बहुमत नव्हते. अभ्यास आणि चिकाटी एवढेच त्यांचे बळ होते.

त्याच काळात मद्रासमध्ये एका गिरणी कंपनीने कामगार संघटनेचे नेते बी. पी. वाडिया यांना न्यायालयात खेचले. संघटना बांधणे हाच जणू गुन्हा ठरत होता. जोशींनी १९२१ मध्ये कायदेमंडळात ठराव आणून संघटनांना कायद्याचे संरक्षण मागितले आणि त्यातून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आकारास आला.

कंत्राटी कामगाराच्या दृष्टीने १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा फार महत्त्वाचा होता. स्वतःच्या धंद्याचे नेहमीचे काम मालकाने कंत्राटदाराकरवी करून घेतले आणि त्यात कामगाराला अपघात झाला, तर भरपाईची जबाबदारी मालकावरच राहील, असे कलम त्यात आले. कंत्राटदाराकडून ती रक्कम पुढे वसूल करायची की नाही, हा त्या दोघांमधला हिशेब होता. जखमी कामगाराने त्यासाठी ताटकळत बसण्याचे कारण नव्हते. काम ज्याचे, जबाबदारी त्याची, हे तत्त्व निदान अपघाताच्या बाबतीत कायद्याने मान्य केले.

१९२६ मध्ये मुंबईत वस्त्रोद्योग कामगारांची संघटना स्थापन होऊन जोशी तिचे अध्यक्ष झाले. १९२८ च्या प्रदीर्घ गिरणी संपात कम्युनिस्ट नेत्यांशी मतभेद असूनही ते संयुक्त संप समितीत त्यांच्याबरोबर उभे राहिले. परंतु पुढील वर्षी ब्रिटिश सरकारने जे. एच. व्हिटले यांच्या अध्यक्षतेखाली कामगारविषयक शाही आयोग नेमला आणि जोशींनी त्याचे सदस्यत्व स्वीकारले. ट्रेड युनियन काँग्रेसमधील बहुमत बहिष्काराच्या बाजूचे होते. १९२९ च्या नागपूर अधिवेशनात संघटना दुभंगली. ज्या संस्थेची उभारणी केली, तीच सोडून जोशींना बाहेर पडावे लागले. तडजोडवादी हा शिक्का त्यांच्यावर बसला, तो अखेरपर्यंत पुरता पुसला गेला नाही.

त्या किमतीच्या बदल्यात काय हाती लागले? १९३१ च्या अहवालात आयोगाने जॉबरच्या हातून नोकरभरतीचा अधिकार काढून घेण्याची शिफारस केली. कामगाराची निवड, कामाचे तास आणि वेतन यांची जबाबदारी कंत्राटदारावर न सोडता व्यवस्थापनाने स्वतः घ्यावी, असेही स्पष्ट म्हटले. वेळेवर आणि मनमानी कपातीविना वेतन देण्यासाठी १९३६ चा कायदा झाला. कंत्राटी पद्धत मात्र उठली नाही. दुभंगलेली संघटना १९४० पर्यंत पुन्हा एक झाली आणि जोशी पुन्हा तिचे सरचिटणीस झाले.

३० मे १९५५ रोजी त्यांचे निधन झाले. त्यापूर्वी दोनच वर्षे, सलग एक वर्ष काम केलेल्या कामगाराला कमी करताना एक महिन्याची नोटीस अथवा तेवढे वेतन आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन देण्याची तरतूद औद्योगिक कलह कायद्यात झाली होती. कंत्राटी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा येण्यास १९७० साल उजाडले. कंत्राटदाराने वेतन थकवले, तर ते मूळ मालकाने द्यावे, हे त्यात नमूद झाले. तथापि कंत्राट पद्धतीवर बंदी आली, तरी त्या कामगारांना आपोआप कायम नोकरी मिळत नाही, असा निर्वाळा २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिला.

म्हणजे जोशींनी हाती घेतलेले काम अर्धेच झाले. अपघाताची भरपाई आणि थकलेले वेतन यांसाठी मूळ मालकाच्या दारापर्यंत जाता येते. नोकरीच्या शाश्वतीसाठी ते दार अजून बंदच आहे. कारखान्यातील वा कार्यालयातील काम एका करारानिशी दुसऱ्या कंपनीकडे सोपवले जाते, तेव्हा वर्षानुवर्षे तेथेच राबलेल्या माणसाची सेवा कोणाच्या खात्यावर जमा धरायची, हा वाद आजही प्रत्येक वेळी नव्याने लढावा लागतो. अशा वेळी हाती उरतात ते हजेरीचे आणि वेतनाचे कागद, आणि सोबत उभी राहणारी संघटना. ती बांधण्याचा हक्क कायद्यात उतरवण्यासाठी जोशींनी आयुष्याची उमेदीची वर्षे वेचली होती.