औषधालयातून तेलविहिरीकडे

आजच्या युक्रेनमधील ल्विव शहरातल्या रुग्णालयात ३१ जुलै १८५३ च्या रात्री एक तातडीची शस्त्रक्रिया रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात पार पडली. हे रॉकेल तयार करणारे इग्नात्सी वुकाशेविच व्यवसायाने औषधनिर्माते होते.

त्यांचा जन्म १८२२ मध्ये ऑस्ट्रियन साम्राज्याच्या गॅलिशिया प्रांतातील पोलिश कुटुंबात झाला. तरुणपणी राजकीय चळवळीपायी त्यांनी तुरुंगवास भोगला. पुढे ते ल्विवमधील एका औषधालयात काम करू लागले. जमिनीतून झिरपणारे काळे तेल तेव्हा शेतकरी गाडीच्या चाकांना वंगण म्हणून वापरत. सहकारी यान झेह यांच्यासह वुकाशेविच यांनी त्याचे ऊर्ध्वपातन सुरू केले. तेल तापवले की आधी हलके घटक वाफ होऊन निघतात. ते चटकन पेट घेतात. दिव्यात राहिले तर स्फोटच. जड घटक मागे राहतात, ते जाळले तर धूर आणि काजळी. मधला तेवढा भाग वेगळा काढून गंधकाम्ल आणि सोड्याने शुद्ध केला, तेव्हा दिव्याजोगे तेल मिळाले. दिवा घडवला आदाम ब्रातकोव्स्की या पत्रेकाराने. सगळे श्रेय एकट्या वुकाशेविच यांना देणे त्यामुळे अन्यायाचे ठरेल.

मागणी वाढली तसे झिरपणारे तेल पुरेना. १८५४ मध्ये वुकाशेविच यांनी भागीदारांसह आजच्या पोलंडमधील बोब्रका येथे तेलाची खाण सुरू केली. अमेरिकेतील ड्रेक यांची गाजलेली विहीर त्यानंतर पाच वर्षांनी आली. बोब्रकाच्या सुरुवातीच्या विहिरी माणसांनी हाताने खणलेल्या होत्या. आत ज्वलनशील वायू साठत असल्याने खाली उतरणे जिवावरचे काम होते.

१८५६ मध्ये त्यांनी यास्वो गावाजवळ उलाशोवित्से येथे शुद्धीकरण कारखाना उभारला. तीनच वर्षांत तो आगीत भस्मसात झाला. तरीही त्यांनी दुसरीकडे नवे कारखाने काढले. तेल तापवून उत्कलनबिंदूनुसार घटक वेगळे करण्याची त्यांची पद्धत आजच्या अजस्र कारखान्यांच्या उंच मनोऱ्यांतही तत्त्वतः तीच आहे.

आजारी आणि जायबंदी कामगारांसाठी त्यांनी मदतनिधीही सुरू केला. त्या काळातल्या मालकांमध्ये हे विरळाच! जानेवारी १८८२ मध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. बोब्रका येथे आता तेलउद्योगाचे संग्रहालय असून हाताने खणलेल्या जुन्या विहिरी तिथे पाहता येतात.