रमाबाई रानडे आणि आपले शिवणयंत्र

वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी चार ओळी लिहाव्यात असा भगिनींचा आग्रह झाला. मी सातवीपर्यंत शिकलेली, लिहिण्याची सवय नाही. तरी रमाबाई रानडे यांच्याविषयी लिहावे असे फार मनात होते. त्याचे कारण शेवटी सांगते.

रमाबाईंचा जन्म १८६२ साली, आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे गावी, कुर्लेकरांच्या घरी झाला. १८७३ साली, अकराव्या वर्षी, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी त्यांचे लग्न झाले. तेव्हा त्यांना अक्षरओळखही नव्हती. पतीने शिकवायला आरंभ केला. घरच्या वडीलधाऱ्या बायकांना ते रुचले नाही. टोमणे, अबोला सारे सोसून रमाबाई आधी मराठी व मग इंग्रजी शिकल्या. मोठ्यांचा मान राखला, पण पुस्तक सोडले नाही.

१९०१ साली न्यायमूर्ती वारले. रमाबाईंनी तेव्हा चाळिशीही गाठली नव्हती. पुढे १९०९ साली त्यांनी पुण्यात सेवासदन सुरू केले, तेही आपल्याच वाड्यात. विधवा आणि गरीब घरच्या बायका तेथे लिहायला, वाचायला, शिवायला शिकू लागल्या. काहींना ससून रुग्णालयात परिचारिकेचे शिक्षण मिळाले. घरंदाज बाईने परक्या रोग्याची शुश्रूषा करावी हे त्या काळी लोकांना पटत नसे. रमाबाई मागे हटल्या नाहीत. बाईच्या हातात कसब असले म्हणजे तिला कोणापुढे पदर पसरावा लागत नाही, हे त्यांनी ओळखले होते. येरवड्याच्या तुरुंगातील बायकांनाही त्या भेटत. १९२४ साली त्या वारल्या. सेवासदन मात्र आजही चालू आहे.

आता कारण सांगते. गेल्या वर्षी ठाकरवाडीच्या दोन मुली मंडळात आल्या. झबली, परकर शिवून विकायचे, म्हणून दुपारच्या वेळी आपले शिवणयंत्र वापरू द्या म्हणाल्या. यंत्र बिघडेल असे म्हणून मीच नको म्हटले. खरे तर ते महिनोन्‌महिने कापडाखाली झाकलेले असते. मुली मुकाट्याने परत गेल्या. पुढे रमाबाईंचे चरित्र वाचताना त्या टोमणे मारणाऱ्या बायका आल्या, आणि त्यांच्यात मला मीच बसलेली दिसले.

भगिनींनो, खोलीची किल्ली माझ्याकडे आहे. या सोमवारी मी स्वतः वाडीवर जाऊन त्या मुलींना बोलावणार आहे. सुई मोडली तर नवी मी आणीन. तुम्ही फक्त हो म्हणा.