लक्ष्मीबाई टिळक : मायेने सुटलेले सोवळे

भगिनींनो, मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर स्त्रीचे चरित्र द्यायचे अशी आपली रीत आहे. यंदा ते काम माझ्याकडे आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. मी विद्वत्तेचे काही लिहू शकणार नाही. पण करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेले 'स्मृतिचित्रे' हे पुस्तक मी दोनदा वाचले. ते लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक तर शाळेची पायरीही चढल्या नव्हत्या. तेव्हा मनात आले, की त्यांच्याविषयी लिहायला आपल्याला संकोच कशाला?

लक्ष्मीबाई ख्रिस्ती झाल्या एवढे पुष्कळांना ठाऊक असते. नवऱ्यापाठोपाठ बायको गेली, त्यात काय विशेष, असेही कोणी म्हणेल. पण गोष्ट तेवढी सोपी नाही. त्यांचे मन कसे पालटले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

लक्ष्मीबाईंचा जन्म १ जून १८६८ रोजी नाशिकजवळच्या जलालपूर गावी गोखल्यांच्या घरी झाला. माहेरचे नाव मनकर्णिका, लाडाने मनू. त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे भयंकर वेड होते. १८५७ च्या धामधुमीत त्या कुटुंबावर मोठा घाला पडला, तेव्हापासून त्यांच्या मनाने हा ध्यास घेतला असे लक्ष्मीबाईंनी नमूद केले आहे. आपण भाजी धुतो, तांदूळ धुतो. त्यांच्या घरी मीठसुद्धा धुऊन घेत! कोणाची सावली पडली, कोणाचा पदर लागला, की सगळे पुन्हा पहिल्यापासून. बायकामुलांचे किती हाल होत असतील त्याची कल्पना आपण संसारी बायकाच करू शकतो. पुढे छोट्या मनूला नाशिकला खांबेटे या नात्यातल्या घरी माया मिळाली, म्हणून तिचे बालपण अगदीच करपून गेले नाही.

अकराव्या वर्षी मनूचे लग्न झाले आणि ती लक्ष्मी झाली. पती नारायण वामन टिळक. पुढे रेव्हरंड टिळक म्हणून महाराष्ट्राला ठाऊक झालेले, फुलामुलांचे कवी ते हेच. मोठा बुद्धिमान माणूस, पण संसाराला उपयोगी कमी. आज इथे तर उद्या तिथे. हाती पैसा आला की दारी येईल त्याला देऊन मोकळे. राग तर नाकाच्या शेंड्यावर. लक्ष्मीबाईंनी आपल्या पुस्तकात नवऱ्याचे गुण गायले आहेत, तसे हे दोषही हसत हसत सांगितले आहेत. त्या हसण्यामागे किती उपास आणि किती अश्रू असतील ते वाचताना कळते. कित्येक महिने त्यांनी माहेरी, सासरी, नातलगांकडे काढले. मुले झाली आणि गेली. १८९१ साली जन्मलेला दत्तू तेवढा हाती लागला.

एकदा टिळक नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने चालले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले. बोलता बोलता कवितेवरून गोष्ट धर्मावर गेली, आणि उतरताना त्या गृहस्थांनी टिळकांना बायबलाचा नवा करार दिला. येशूने डोंगरावर केलेला उपदेश वाचून टिळकांच्या मनाने ठाव घेतला. वैऱ्यावरही प्रेम करा, ही शिकवण त्यांना सोडवेना. पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला.

इकडे लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पदरी चार वर्षांचे पोर, कपाळी कुंकू, नवरा जिवंत, आणि तरी नवरा नाही अशी अवस्था! त्या काळी धर्म सोडलेला माणूस घरच्यांना मेल्यासारखाच. त्या जिवाचे काही करून घेतील म्हणून नातलग पाळत ठेवीत. बहिणीने आसरा दिला. त्या दुःखातच त्यांना कविता सुचू लागली. अक्षरओळख जेमतेम, पण मनातले शब्द ओळीला ओळ जोडून येऊ लागले.

अशी सुमारे पाच वर्षे गेली. या पाच वर्षांचा विचार मी पुष्कळ केला. कायदा नवऱ्याच्या बाजूचा होता. टिळकांना मुलावर हक्क सांगता आला असता. पण त्यांनी बायकोवर बळजबरी केली नाही. पत्रे लिहिली, वाट पाहिली. शीघ्रकोपी म्हणून प्रसिद्ध असलेला हा माणूस एवढी वर्षे थांबला, हेच मला त्यांच्या बाप्तिस्म्याचे पहिले फळ वाटते. देवाचे प्रेम अंगी लागले की नाही हे प्रार्थनेवरून कळत नाही, घरच्या माणसाशी वागण्यावरून कळते.

अखेर लक्ष्मीबाईंनी नवऱ्याकडे जायचे ठरवले. पण आपला धर्म आणि आपले सोवळे घेऊनच त्या गेल्या. मी ख्रिस्ती होणार नाही, माझे अन्नपाणी मी वेगळे ठेवीन, असा त्यांचा निर्धार. टिळकांनी तो मान्य केला. एका संसारात दोन देव आणि दोन चुली! नगर जिल्ह्यात त्या वेळी टिळक मिशनचे काम करीत. घरी सर्व जातींची माणसे येत, बसत, जेवत. लक्ष्मीबाई आपल्या चुलीपाशी विटाळ जपत बसत. त्यांना वाद घालून कोणी जिंकले नाही. वाद घालणाऱ्याला तर त्या दोन शब्दांत गप्प करीत, इतकी त्यांची जीभ तिखट होती.

मग पालट झाला कशाने? रोजच्या पाहण्याने. १८९९ व १९०० हा छप्पनचा दुष्काळ. गावोगाव माणसे अन्नावाचून मरत होती, आईबापांवेगळी झालेली पोरे रस्त्याने फिरत होती. टिळक ती उचलून घरी आणू लागले. अंगावर चिंध्या, केसांत उवा, पोटे खपाटीला. आता या पोरांना जेवू कोण घालणार, न्हाऊ कोण घालणार? घरात बाई तर एकच. उपाशी लेकरू ताटापुढे बसले की त्याची जात विचारायची कशी? ज्या हातांनी मीठ धुण्याच्या घरात जन्म घेतला, त्याच हातांनी परक्या पोरांची डोकी धुतली.

त्यांच्या मनात विचारांची घुसळण चालूच होती. शेवटी आतूनच कौल मिळाला, की हे उच्चनीच देवाने केलेले नाही, माणसाने केले आहे; आणि जे माणसाने केले ते माणसाने मोडायला हरकत नाही. त्या दिवसापासून त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास सुरुवात केली. लक्षात घ्या, बाप्तिस्मा त्यांनी अजून घेतला नव्हता. आधी सोवळे सुटले, मग धर्म बदलला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तोही स्वतःच्या मनाने.

बायबलात येशूची एक गोष्ट आहे. तो उन्हातून चालून दमला आणि शोमरोन प्रांतातल्या एका विहिरीपाशी बसला. पाण्याला आलेल्या बाईजवळ त्याने पाणी मागितले. यहुदी लोक शोमरोनी माणसाचे भांडे विटाळाचे मानीत. ती बाई चकित झाली, की हा माझ्या हातचे पाणी मागतो! देव काही द्यायला येतो हे आपण नेहमी ऐकतो. इथे तो आधी मागायला आला. आपल्या एकनाथ महाराजांनी काशीची कावड तहानेल्या गाढवाच्या मुखी ओतली, ती माया याच जातीची. लक्ष्मीबाई कीर्तनपुराणे ऐकत वाढल्या होत्या. टिळकही तुकोबा आणि ज्ञानोबांवर जीव टाकणारे. त्यांनी ख्रिस्ताची भजने अभंगात लिहिली. म्हणून ख्रिस्ताकडे जाताना या जोडप्याने मराठीपण गावाबाहेर ठेवले नाही.

त्याच सुमारास, १८९९ साली, आपल्या कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी वेदोक्ताचे प्रकरण उद्भवले. पुढे शाहू महाराजांनी गंगाराम कांबळे यांना चहाचे दुकान काढून दिले आणि स्वतः तिथला चहा घेतला, ही हकीकत आपल्याकडे लहान मुलालाही माहीत आहे. राजाने रस्त्यावर केले ते मोठेच. पण चुलीजवळचा विटाळ राजाच्या हुकुमाने जात नाही. तो बाईनेच काढावा लागतो, आणि लक्ष्मीबाईंनी तो काढला.

पुढे त्यांचे घर म्हणजे धर्मशाळाच झाले. नगरला प्लेग आला तेव्हा जवळचे नातलग रोग्याला टाकून पळत होते. लक्ष्मीबाई आजारी मुलींजवळ राहून त्यांची शुश्रूषा करीत होत्या. बालकवी ठोंबरे याच घरी राहिले. आईवेगळ्या मुलासारखा रुसणारा, हसणारा तो कवी लक्ष्मीबाईंच्या मायेत सुखावला. तो हिंदू होता आणि हिंदूच राहिला. त्याला बाटवावे असे या माउलीच्या मनात आले नाही. प्रेमाच्या मागे हिशेब नव्हता.

असे सांगताना त्या अगदी देवी झाल्या असे मात्र समजू नये. पैसे उधळल्याबद्दल नवऱ्याशी त्या भांडत, रुसत, फजिती झाली की स्वतःलाच हसत. सोवळे सुटले तरी स्वभाव तोच राहिला. फक्त त्या स्वभावात ऊब आली. थंडीत गोठलेले खोबरेल उन्हात ठेवले म्हणजे दुसरे तेल होत नाही, तेच पातळ होऊन वाहू लागते. तसे त्यांचे झाले.

१९१७ साली टिळकांनी मिशनचा पगार सोडून संन्यास घेतला व देवाचा दरबार स्थापला. ९ मे १९१९ रोजी ते मुंबईस वारले. 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध काव्य त्यांच्या हातून अर्धवट राहिले होते. दहा-अकरा अध्याय झाले होते. ते पुरे करण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले आणि साठांहून अधिक अध्याय रचले. जोडाक्षर लिहिताना अडखळणाऱ्या बाईने हे केले! पुढे 'स्मृतिचित्रे' चार भागांत १९३४ पासून प्रसिद्ध झाली. शेवटचा भाग येण्यापूर्वीच, २४ फेब्रुवारी १९३६ रोजी लक्ष्मीबाई निवर्तल्या. दत्तूने, म्हणजे देवदत्त टिळकांनी, आईचे ते पुस्तक पुरे केले. आज मराठीतल्या उत्तम आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

आता शेवटी माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण न सांगितले तर हा लेख खोटा होईल. २०१९ च्या ऑगस्टात महापूर आला तेव्हा आमच्या घरात पाणी शिरले. काही दिवस आम्ही एका शाळेत राहिलो. कोणी खिचडी आणली, कोणी भाकरी आणली. कोणाच्या हातची, कोणाच्या घरची, हे मी एकदाही विचारले नाही. पोटात भूक होती. पूर ओसरला, घर धुतले, भांडी घासली. आणि आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या मावशींचा कान तुटलेला कप मी पुन्हा खिडकीच्या फळीवर वेगळा ठेवला.

पुढे एकदा मी तापाने पडले होते. मावशींनी आपणहून आले घालून चहा केला, मला उठवून दिला. मग त्यांनी खिडकीतला तो कप काढला आणि स्वतःचा चहा त्यात ओतून दाराजवळ जाऊन बसल्या. मी काही बोलले नाही आणि त्याही बोलल्या नाहीत. त्यांच्या हातचा चहा मला चालत होता, माझा कप त्यांना चालत नव्हता.

'स्मृतिचित्रे' मी त्यानंतर वाचले. लक्ष्मीबाईंना मीठ धुण्याच्या घरातून निघून परक्याच्या ओंजळीतले पाणी पिण्यापर्यंत यायला तीस वर्षे लागली. मला खिडकीपासून ओट्यापर्यंत यायला कितीतरी वर्षे लागली, आणि अंतर तर चार पावलांचे. तो कप मी टाकून दिला. मावशी आता आमच्याच कपात, माझ्या शेजारी बसून चहा घेतात. पहिल्या दिवशी त्यांनाही अवघडले आणि मलाही.

भगिनींनो, देव आपला कोणताही असो, त्याच्या प्रेमाची ऊब देवघरात लागली तर ती स्वयंपाकघरापर्यंत पोचली पाहिजे. घरी गेल्यावर आपापल्या खिडकीच्या फळीकडे एकदा पाहावे, एवढीच माझी विनंती. लेखात काही उणे असेल तर ते माझे समजून पोटात घालावे.